नातवासाठी स्पॅनिश नाव सुचवा, अर्थासकट

सदाफुली
मंडळी, मदत हवी आहे. लेक स्पेनमध्ये बिल्बाओला असते, जावई तिथलेच. पुढच्या महिन्यात बाळ येतंय आणि मुलगा आहे (तिकडे डॉक्टर सरळ सांगतात, आपल्यासारखी बंदी नाही). शाळा तिकडे, मित्र तिकडे, तेव्हा नाव तिकडचंच ठेवायचं असं दोघांनी ठरवलंय. माझी हरकत नाही, फक्त तीन अटी घातल्यात. अर्थ चांगला हवा. मला आणि ह्यांना हाक मारता आली पाहिजे. आणि लाडाने हाक मारताना त्याचं भलतंच काही होता कामा नये.
गूगलवर शोधलं तर इंग्रजी याद्या येतात. त्यात प्रत्येक नावाचा अर्थ 'शूर योद्धा' नाहीतर 'देवाची देणगी'. अख्खा देश योद्ध्यांचा? जाणकारांनी लिहावं.

गोधडी
अभिनंदन आजी! पेढे पोस्टाने पाठवा. वाचतेय.

पेनल्टी_किक
आज्जी, इकेर ठेवा, विषय संपला. इकेर कासियास, २०१० चा वर्ल्डकप उचलला तो गोलकीपर. नाहीतर आंद्रेस. फायनलचा गोल आंद्रेस इनिएस्ताचा, ११६ व्या मिनिटाला. आमच्या कोल्हापुरात अजून दोन-चार वर्षांत पेठेपेठेत ही नावं ऐकू येतील बघा.

कोरडाशेठ
आपल्याकडची नावं संपली का? असो. अभिनंदन.

सदाफुली
@कोरडाशेठ, संपली नाहीत हो. पण बालवाडीतल्या बाईंना रोज सकाळी 'हृषीकेश' म्हणायला लावून त्यांच्या तोंडाला फेस कशाला आणायचा?

चष्मिष
सदाफुलीताई, अभिनंदन. मी सारागोसात शिकवते (इथली माणसं 'थारागोथा' म्हणतात). दर सप्टेंबरला नवा हजेरीपट हातात येतो, त्यामुळे नावांची फॅशन कळते.

आधी उच्चार. इंग्रजी यादीतलं नाव तसंच वाचलंत तर इथे कोणी मागे वळून बघणार नाही. 'जे' दिसला की घशातून ख: खोसे, खाबिएर, खेसूस. हो, खेसूस म्हणजे येशू, आणि ते इथे मुलाचं अगदी नेहमीचं नाव आहे. 'एच' लिहायचा, बोलायचा नाही. 'व्ही' आणि 'बी' दोन्हींचा ब. 'झेड'चा स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी थ, लॅटिन अमेरिकेत स. म्हणजे ह्यूगो नाही, उगो.

गेली काही वर्षं नव्या बाळांत उगो, मातेओ, मार्तिन, लुकास हीच नावं वरच्या जागांवर आहेत. सगळ्या वयाचे पुरुष धरले तर अजून आंतोनिओ पहिला, पण तो आता आजोबांच्या पिढीत. राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या साइटवर कुठलंही नाव टाकलं की ते किती जणांचं आहे आणि त्यांचं सरासरी वय काय हे दिसतं. वेळ घालवायला उत्तम जागा, सावध राहा.

अर्थ विचाराल तर: मातेओ हिब्रू, देवाने दिलेला. पाब्लो लॅटिन, छोटा. मार्तिन म्हणजे मार्सचा, मंगळाचा. लुकास म्हणजे लुकानियाचा, दक्षिण इटलीतल्या एका प्रदेशाचा माणूस, अर्थ कसला, पत्ताच तो. उगो जर्मानिक, मन किंवा बुद्धी.

आता तुमचे योद्धे. रोमन सत्ता ढासळली तेव्हा पाचव्या शतकात व्हिसिगॉथ इथे आले आणि ७११ साली उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम फौजा उतरेपर्यंत त्यांचं राज्य होतं. त्यांची भाषा जवळजवळ मागमूस न ठेवता गेली, नावं मात्र राहिली. दोन शब्द जोडून नाव करायची त्यांची पद्धत आणि शब्द सगळे राजेरजवाड्यांचे. रोद्रिगो म्हणजे कीर्ती आणि सत्ता. गोन्सालोत लढाई आहे. फेर्नांदोत धाडस आहे. यादीवाले तेवढंच उचलतात. पुढे त्यांच्यापुढे 'एस' लागून आडनावं झाली: रोद्रिगोचा मुलगा रोद्रिगेस, फेर्नांदोचा फेर्नांदेस, गोन्सालोचा गोन्सालेस.

एक गोष्ट मात्र सांगते. इथे बाळाचं नाव ठेवताना अर्थ कोणी विचारत नाही. शेजारणीला मी विचारलं होतं, तुमच्या उगोचा अर्थ काय? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, उगो म्हणजे उगो. आजोबांचं नाव म्हणून, संताचं म्हणून, नाहीतर कानाला बरं वाटतं म्हणून ठेवतात. अर्थाची चौकशी आपल्याकडची.

गोधडी
उगो किती गोड! रडायला लागला की 'उगी उगी, उगो'.

कोरडाशेठ
मार्तिन म्हणजे मंगळाचा? पत्रिका करायला नेलंत तर गुरुजी नाव ऐकूनच शांतीची यादी काढतील.

चष्मिष
हसू नका, मंगळ इथेही वाईटच. तेरा तारखेचा शुक्रवार नाही, इथे तेरा तारखेचा मंगळवार अशुभ. म्हणच आहे, मंगळवारी लग्न करू नये आणि जहाजावर चढू नये. तरी मार्तिनची लोकप्रियता तसूभर कमी होत नाही. सांगितलं ना, अर्थ कोणी ऐकतच नाही.

वसईची_वेलची
आमच्या वसईत ही अर्धी नावं घरचीच आहेत, फक्त पोर्तुगीज वळणाची. आणि मराठी बायबल वाचलेल्यांना अर्थ विचारायची गरजच पडणार नाही: मातेओ म्हणजे मत्तय, लुकास म्हणजे लूक, पाब्लो म्हणजे पौल, खुआन म्हणजे योहान, पेद्रो म्हणजे पेत्र. सर्वांत मजेचा याकोब. एका याकोबाची स्पेनमध्ये किती पोरं झाली बघा: खाकोबो, खाइमे, बार्सिलोनाकडच्या कातालान भाषेत जाउमे, स्पेनच्या वायव्येला गालिसियात इआगो. त्यात 'संत' चिकटला आणि झाला सांतिआगो. दिएगोसुद्धा त्यातूनच निघाला असं पूर्वापार सांगतात, पण अभ्यासकांचं त्यावर भांडण आहे.

सदाफुलीताई, योद्धा नको असेल तर गोन्सालोचा दुसरा अर्थ आमच्याकडे आहे. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईत जन्मले, १५५६ च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथली कोकणातली. जपानला व्यापार केला, मग मनिलाला जाऊन स्पॅनिश फ्रान्सिस्कन लोकांत ब्रदर झाले. जपानी भाषा येत होती म्हणून दुभाषे म्हणून त्यांना परत जपानला नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये संतपद मिळालं, भारतात जन्मलेले पहिले संत. त्यांच्या नावाचं कॉलेज वसईत आहे. गोन्सालो म्हटलं की आम्हाला लढाई आठवत नाही, वसई आठवते.

टिकटिक
@वसईची_वेलची, मी मेक्सिकोत मॉन्तेर्रेला असतो. त्याच दिवशी नागासाकीत जे सव्वीस जण मारले त्यांत फेलिपे दे खेसूस होता, मेक्सिकोचा पहिला संत. इथे फेलिपे नावाच्या पोरांची आई तुमच्या गोन्सालोला बरोब्बर ओळखेल.

मांडवीकाठ
गोव्याहून. स्पॅनिश नावांच्या धाग्यात गोंयचो सायब आला नाही हे कसं चालेल? फ्रान्सिस झेवियर पोर्तुगीजांबरोबर आले म्हणून सगळे त्यांना पोर्तुगीज समजतात. जन्म आजच्या उत्तर स्पेनमधल्या नाव्हार्राचा, १५०६, खाबिएरच्या किल्ल्यातला. किल्ला आईच्या घराण्याचा. गोव्यात उतरले १५४२ मध्ये, वारले १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, आणि शव जुन्या गोव्यात, बॉम जेझू बासिलिकात. दर दहा वर्षांनी दर्शनाला काढतात, नुकतंच २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत होतं.

आता नावाची गंमत. खाबिएर मुळात गावाचं नाव, बास्क भाषेतलं (बिल्बाओच्या बाजूची भाषा, स्पॅनिशहून अगदी वेगळी) 'एचे बेर्री', नवं घर. गावाचं झालं माणसाचं. १६२२ मध्ये संत झाल्यावर लोक पोरांना फ्रान्सिस्को खाबिएर म्हणू लागले, आणि पुढे नुसतं खाबिएर. त्याच शब्दातून एचेबेर्रिया हे बास्क आडनाव निघालं. आपल्याकडे नवघरे असतात ना, तेच.

आमच्याकडे कोकणीत खोसेचा झुझे, खुआनचा जुवांव, इग्नासिओचा इनास. त्यांतला एखादा घ्या, हाक मारायला सोपा.

सदाफुली
बाई बाई, किती छान लिहिताय सगळे. मुंबईत झेवियर्सवरून आयुष्यभर बसने गेले, ते नवघरे निघतील असं कधी वाटलं नव्हतं.
तिसऱ्या अटीचं कोणीतरी बघा. लाडाचं नाव.

टिकटिक
ते माझ्याकडे द्या. लाडाची नावं इथे ठरलेली असतात. आईबापांनी काही ठरवायचंच नाही. फ्रान्सिस्को झाला की तो पाको, पांचो, किको किंवा आंदालुसियात कुर्रो. खोसेचा पेपे. इग्नासिओचा नाचो. एन्रिकेचा किके. गिएर्मोचा मेमो. एदुआर्दोचा लालो. मेक्सिकोत खेसूसचा चुय. खोसे मारीयाचा चेमा (हो, मारीया पुरुषाला दुसरं नाव म्हणून चालतं. खोसे मारीया बुवा, मारीया खोसे बाई).

पेपे कसा आला, यावर एक आवडती गोष्ट आहे. योसेफ येशूचा मानलेला बाप, लॅटिनमध्ये 'पातेर पुतातिवुस', त्याची आद्याक्षरं पे-पे. ऐकायला झकास, पण खरं नाही. जुन्या स्पॅनिशमध्ये खोसेला खुसेपे म्हणायचे, सतराव्या शतकातला चित्रकार खुसेपे दे रिबेरा त्याच नावाचा. त्याचं शेपूट म्हणजे पेपे.

आणि तुम्ही सिनेमाला जाऊन जे नाचोज खाता ते एका इग्नासिओचे. पिएद्रास नेग्रास हे अमेरिकेच्या सीमेवरचं गाव. १९४० च्या दशकात तिथल्या हॉटेलात पलीकडच्या अमेरिकन बायका आल्या, आचारी जागेवर नव्हता, तर इग्नासिओ आनायाने तळलेल्या तोर्तिया, चीज आणि मिरच्या एकत्र करून दिल्या. पदार्थाला नाव काय, तर नाचोचे.

सदाफुली
नाचो नको. 'नाचो' म्हटल्यावर तो खरंच नाचेल आणि ऐकणार नाही.

कोरडाशेठ
नाव कसंही ठेवलं तर चालतं का तिकडे? सरकार काही म्हणत नाही?

टिकटिक
म्हणतं की. मेक्सिकोच्या सोनोरा राज्याने २०१४ मध्ये ६१ नावांची बंदीयादी काढली, मुलांची पुढे चेष्टा होऊ नये म्हणून. त्यात फेसबुक, ट्विटर, याहू, रॅम्बो, रोबोकॉप, टर्मिनेटर. 'अनिव दे ला रेव' नावसुद्धा आहे. हे कुठून आलं? जुन्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेला त्या दिवसाचा संत छापलेला असायचा, मूल जन्मलं की तारीख बघून नाव. २० नोव्हेंबरला छापलं होतं 'क्रांतीचा वर्धापनदिन', तेही जागा नाही म्हणून अर्धवट. 'मासिओसारे' तर आणखी भारी. राष्ट्रगीतात 'मास सि ओसारे' अशी ओळ आहे, 'पण जर धजावला' कोणी परका शत्रू. ऐकणाऱ्यांना वाटलं मासिओसारे हे त्या शत्रूचंच नाव.

क्युबात वेगळीच तऱ्हा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत 'वाय'ने सुरू होणाऱ्या नावांची लाट आली होती. योतुएल नावाचा एक प्रसिद्ध गायक आहे: यो-तु-एल, मी-तू-तो. सर्वनामांचा पाठ पुरा. आणि इक्वादोरचे २०१७ ते २०२१ मधले राष्ट्राध्यक्ष लेनिन मोरेनो, त्यांचं दुसरं नाव बोल्तेर, म्हणजे व्हॉल्तेर. 'व्ही' आणि 'बी' एकच, चष्मिष म्हणाल्या तसं.

चष्मिष
स्पेनचंही एक सांगते. २०१६ मध्ये माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादात एका जोडप्याला मुलाचं नाव लोबो ठेवायचं होतं, लोबो म्हणजे लांडगा. नोंदणीवाले नाही म्हणाले. लोकांनी सह्यांची मोहीम केली, मग वरून परवानगी आली. गंमत अशी की लोपे हे नाव लांडग्यावरूनच आलंय असं मानतात, नाटककार लोपे दे वेगाचं, आणि लोपेस आडनावाची माणसं तर लाखोंनी. त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

बरं, सदाफुलीताई, एक महत्त्वाचं राहिलं. जावई बिल्बाओचे म्हणजे बास्क घरातले का? की बाहेरून येऊन तिथे राहिलेले? कारण बास्क घर असेल तर 'स्पॅनिश नाव' हा शब्द जरा जपून वापरा. विहिणीसमोर तर फारच जपून.

सदाफुली
बास्कच. मी जावयांना फोनवर विचारलं तर हसले. म्हणाले, आई, माझ्या वडिलांचं नाव कागदावर इग्नासिओ आहे, पण त्यांना जन्मात कोणी इग्नासिओ म्हणून हाक मारलेली नाही, घरी-दारी इन्याकी. का ते त्यांनाच विचारा म्हणाले. व्याहीबुवांना मराठी येत नाही, मला बास्क येत नाही, तेव्हा तुम्हीच सांगा.

चष्मिष
मग आता खरा धागा सुरू झाला.

स्पेनमध्ये गृहयुद्ध चालू असताना, १९३८ मध्ये, हुकूमशहा फ्रांकोच्या सरकारने हुकूम काढला की नोंदवहीत नाव कास्तिलियन म्हणजे स्पॅनिशमध्येच लागेल. बास्क, कातालान नावं बंद. त्या काळात जन्मलेल्यांचं म्हणून दुहेरी आयुष्य: कागदावर इग्नासिओ, घरात इन्याकी. कागदावर पेद्रो, घरात केपा. कागदावर खोर्खे, घरात गोर्का. फ्रांको नोव्हेंबर १९७५ मध्ये गेला, १९७७ च्या जानेवारीत कायदा बदलला आणि देशातल्या कुठल्याही भाषेतलं नाव चालू लागलं. तुमच्या व्याह्यांनी कागद बदलला नाही, पुष्कळांनी नाही बदलला. पण नातवाचं नाव त्या घरात नुसतं गोड वाटतं म्हणून ठेवलं जाणार नाही, हे लक्षात घ्या.

पेनल्टी_किक
यावर माझ्याकडे क्रायफची गोष्ट आहे! डच फुटबॉलपटू योहान क्रायफ बार्सिलोनाकडून खेळत होता, ९ फेब्रुवारी १९७४ ला त्याला मुलगा झाला, आम्स्टरडॅममध्ये. नाव ठेवलं जोर्दी, कातालान नाव, कातालुन्याच्या (बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्याच्या) संताचं. बार्सिलोनात नोंदवायला गेला तर कारकून म्हणाला, जोर्दी चालणार नाही, खोर्खे लिहा. क्रायफ म्हणाला, हॉलंडच्या कागदावर जोर्दी लिहिलंय, तेच राहील. राहिलं. आणि बाळ झाल्यावर आठ दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, माद्रिदमध्ये जाऊन रेआल माद्रिदला ५-० हरवलं. फ्रांको जिवंत असताना. कातालान लोक ते दोन्ही एका दमात सांगतात. तो जोर्दी पुढे स्वतः बार्सिलोनाकडून खेळला.
जोर्दीचा अर्थ काय, चष्मिषताई?

चष्मिष
शेतकरी. ग्रीक, जमीन कसणारा. २३ एप्रिलला संत जोर्दीचा दिवस असतो, बार्सिलोनात त्या दिवशी रस्तोरस्ती पुस्तकं आणि गुलाब.

आणि तुमचा इकेर. बसा खाली. साबिनो आराना हा बास्क राष्ट्रवादाचा जनक. त्याला संतांची सगळी नावं बास्क रूपात हवी होती, जिथे नव्हती तिथे त्याने घडवली. ती नामावली त्याच्या मृत्यूनंतर १९१० मध्ये छापली गेली. इन्याकी, केपा, कोल्दो ही नावं त्याच प्रयत्नातली. स्पॅनिशमध्ये 'विसितासिओन' हे बाईचं नाव असतं, मरियेने दिलेली भेट. त्यावरून इकेर्ने आणि त्याचं पुरुषी रूप इकेर.

वसईची_वेलची
म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातली भेट! मरिया अलीशिबेला भेटायला डोंगराळ भागात जाते ती. दोघी गरोदर असतात. सदाफुलीताई, बाळंतपणाला तिकडे निघालाच आहात तर इकेर वाईट नाही.

पेनल्टी_किक
गोलकीपरचं नाव 'भेट'. मग गोल कसे अडवले त्याने? आणि कासियास तर माद्रिदजवळच्या मोस्तोलेसचा, बास्क नाव घेऊन रेआल माद्रिदचा कॅप्टन!

चष्मिष
नावं फिरतात. बिल्बाओच्या क्लबातला इन्याकी विल्यम्स बघा ना. आईवडील घानाहून वाळवंट तुडवत आलेले. ज्या पाद्र्याने त्यांना मदत केली त्याचं नाव इन्याकी, तेच पोराला ठेवलं.

आता तुमच्या कामाचं. १९७७ नंतर बास्क आईबापांनी संतांची यादी बाजूला सारली आणि सरळ रोजच्या भाषेतले शब्द उचलले. इबाइ म्हणजे नदी. ओदेइ म्हणजे ढग (लिहिताना पुढे 'एच' लागतो). आरित्स म्हणजे ओक वृक्ष. एकी, सूर्य. ओइआन, अरण्य. एकाइत्स, वादळ. उनाइ, गुराखी. जुन्या नावांत एनेको आहे, 'माझा छोटा', त्याचंच इन्यिगो झालं, लोयोलाच्या संत इग्नेशियसचं पहिलं नाव.

म्हणून वर जे म्हटलं की अर्थ कोणी विचारत नाही, ते सारागोसापुरतं धरा. मातेओ म्हणताना इथे कोणाला देणगी ऐकू येत नाही, तो शब्द हिब्रूतून ग्रीक, ग्रीकमधून लॅटिन असा झिजत आला. पण बिल्बाओत आई 'इबाइ' म्हणून हाक मारते तेव्हा तिला नदी ऐकू येते, आपल्याला सागर म्हणताना समुद्र ऐकू येतो तशी. तुम्हाला अर्थ हवा आहे ना? तो त्या घरातच मिळेल.

सदाफुली
वाचता वाचता ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आता आमच्या घरात काय चाललंय ते सांगते.
इबाइ. मी दोनदा म्हणून बघितलं. शेजारच्या काकू दारातून ओरडल्या, 'ई बाई, काय झालं?'
एनेको. ह्यांनी हाक मारली, 'ए नको!' पोरगं जेवायलाच बसणार नाही.
एकाइत्स वादळ आहे म्हणता, ते तर नावाशिवायही होणारच आहे.
ओदेइ, म्हणजे मेघ, अर्थ फार आवडला. पण मी म्हटलं की 'ओ देई' असं भिक्षेकऱ्यासारखं ऐकू येतं.
उनाइ मात्र जिभेवर बसलं. गुराखी म्हणजे आपला गोपाळच की.

कोरडाशेठ
उनाइचा उनाड व्हायला किती वेळ लागतो?

सदाफुली
गोपाळ उनाडच होता.

गोधडी
कोरडाशेठ, एक शून्य.

मांडवीकाठ
गुजरातेत वांसद्याजवळ उनाई माता आहे, गरम पाण्याचे झरे आहेत तिथे. म्हणजे नाव आपल्याकडच्या नकाशावरही सापडलं. तुमच्या गुरुजींना तेवढं सांगा, बास्कचं सांगू नका.

पेनल्टी_किक
उनाइ सिमोन! बिल्बाओचाच गोलकीपर, २०२४ ची युरो जिंकली. आणि कोच उनाइ एमेरी. आज्जी, मी बाहेर पडतो, मला आता इकेर नको.

चष्मिष
छान झालं. आता दोन कामाच्या गोष्टी, कारण घाई तुम्हाला माहीत नसेल.

एक, नाव बाराव्या दिवशी ठरवू म्हणाल तर जमणार नाही. इस्पितळातूनच ७२ तासांत जन्माची नोंद पाठवता येते, नाहीतर नोंदणी कार्यालयात दहा दिवसांत. सबळ कारण असेल तर मुदत वाढते, पण 'बारसं व्हायचंय' हे कारण तिथल्या कारकुनाला समजावण्यात तुमचं बाळ रांगायला लागेल. नाव आधी नोंदवा, बारसं मागाहून करा. दोन साधी नावं लावायची मुभा आहे, त्यापेक्षा जास्त नाही.

दुसरं, आडनावं दोन असतात, एक बापाचं आणि एक आईचं. तुमच्या लेकीने लग्नानंतर आडनाव बदललेलं नसेल तर तिचं माहेरचं आडनाव, म्हणजे तुमच्या घरचं, बाळाला लागेल. २०१७ पासून तर कोणाचं आधी लावायचं हे आईबापांनीच सांगायचं असतं, बापाचं आपोआप पहिलं येत नाही.

सदाफुली
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं! म्हणजे आमचं आडनाव बिल्बाओच्या शाळेच्या हजेरीपटात? ह्यांना सांगितलं तर उठून चष्मा पुसायला लागले.

कोरडाशेठ
पिकासो आईचंच आडनाव, एवढं मलाही माहीत आहे. बापाचं रुईस होतं.

टिकटिक
शाब्बास कोरडाशेठ. त्याची नावं मात्र मोजू नका, बाप्तिस्म्यात पाब्लो दिएगो खोसे फ्रान्सिस्को दे पाउला खुआन नेपोमुसेनो... अशी आगगाडी होती. तेव्हा दोनची मर्यादा नव्हती.
आणि एक सावधगिरीची सूचना. आपलं नाव-वडिलांचं नाव-आडनाव बघून इकडची माणसं मधल्याला पहिलं आडनाव समजतात. माझ्या वाचनालयाच्या कार्डावर मी वडिलांच्या नावाने ओळखला जातो. बाळाच्या कागदात मध्ये जावयांचं नाव घालू नका.

सदाफुली
सगळ्यांचे आभार. काल रात्री व्हिडिओवर दोन्ही घरं बसली होती. अमामा (बिल्बाओकडे आजीला अमामा म्हणतात) म्हणाल्या, त्यांचे वडील खरोखरच गाई राखायचे, डोंगरावर. जावयांनाही हे माहीत नव्हतं. इन्याकीबुवांनी नुसती मान हलवली. तर उनाइ पक्कं. दुसरं नाव लावायचं नाही असं लेक म्हणते. कानात मी काय सांगायचं ते मी सांगेन.

आता एक शेवटचं काम. पाळणा मी स्वतः लिहितेय, पण उनाइला यमक हवंत. अंगाई, गाई, आई, जाई एवढी सापडली. आणखी सुचवा.

गोधडी
पुण्याई.

वसईची_वेलची
नवलाई, चतुराई, वनराई.

मांडवीकाठ
शहनाई! बारशाला लावाच.

पेनल्टी_किक
लढाई. आज्जी, एक तरी योद्ध्यासारखं घाला की.

कोरडाशेठ
महागाई.